जागा कंपनीची, मांडणी आपली

नव्या कंपनीतला पहिला आठवडा बहुतेकांचा वाट पाहण्यातच जातो. लॅपटॉप हातात पडतो, पण पासवर्ड चालत नाही. ओळखपत्र मिळतं, पण ज्या सिस्टिमवर काम करायचं तिचा ॲक्सेस अजून मंजूर झालेला नसतो. नुसतं बसून राहायचाही संकोच वाटतो. माझं आज आग्रहाचं सांगणं एवढंच आहे, की हा रिकामा वेळ तुमच्या जागेला द्या. कामाचा रेटा एकदा सुरू झाला की खुर्ची ज्या उंचीवर मिळाली त्याच उंचीवर वर्षभर राहते.

हे किरकोळ वाटत असेल, म्हणून थोडा इतिहास सांगते. अमेरिकेतल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने १९६४ साली ‘ॲक्शन ऑफिस’ नावाची मांडणी बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना रॉबर्ट प्रॉप्स्ट यांची. माणूस दिवसभर एकाच तऱ्हेने बसून काम करत नाही, तेव्हा त्याच्या भोवतीचं सामानही त्याला हलवता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. उभं राहून काम करायचं टेबलसुद्धा त्यात होतं. १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, हलत्या पार्टिशनची. कंपन्यांनी त्यातून एवढंच उचललं, की कमी जागेत जास्त माणसं बसवता येतात. पार्टिशन काटकोनात जोडली गेली आणि क्युबिकल तयार झालं. बसणाऱ्याच्या हातात जे असायला हवं होतं, ते काढून घेतलं गेलं.

हातातून काय गेलं, हे पुढे एका प्रयोगात नीट दिसलं. एक्सेटर विद्यापीठातले क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅसलम यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. काहींना अगदी मोकळं, रिकामं टेबल दिलं. काहींना झाडं आणि चित्रं लावून सजवलेली खोली दिली. तिसऱ्या गटाला तीच झाडं-चित्रं देऊन सांगितलं, की हवी तशी लावा. काम सर्वांत चांगलं झालं ते या तिसऱ्या गटाचं. चौथ्या गटालाही स्वतः मांडणी करू दिली, आणि मग त्यांच्यासमोरच ती बदलून टाकली. त्यांचं काम घसरलं. मला हा चौथा गट फार महत्त्वाचा वाटतो. मांडणी आपण ठरवलेली असणं, यालाच मोल आहे.

आता प्रत्यक्ष टेबलाशी येऊ. सुरुवात खुर्चीपासून करा, मॉनिटरपासून नको, कारण खुर्ची हलली की बाकीची सगळी मापं हलतात. हात कीबोर्डवर ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहतील, एवढी उंची घ्या. मग पायांकडे बघा. तळवे पूर्ण टेकत नसतील तर खुर्ची खाली घेऊ नका, पायाखाली काहीतरी घ्या. त्यानंतर मॉनिटर: हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर आणखी खाली, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचायला दिवसभर हनुवटी वर करून बसावं लागतं. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला असावी.

लॅपटॉपची अडचण वेगळी आहे. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. यातून सुटका फक्त वेगळ्या कीबोर्ड-माउसने होते, आणि खाली स्टँड नसेल तर चार जाड फायलीही चालतात.

लक्ष विचलित होण्याबद्दल एकच सांगते. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट टाकून उठलेलं काम पुढच्या कामात मनाचा काही भाग अडकवून ठेवतं. त्यांनीच पुढे त्यावर उपाय तपासला: उठण्याआधी आपण कुठे होतो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. टेबलावर त्यासाठी एक वही कायम उघडी असू द्या. मीटिंगला बोलावणं आलं, तर आधी ती ओळ लिहा, मग उठा. नव्या माणसाला दिवसभरात किती जण हाक मारतात, हे लक्षात घेतलं तर ही वही मला दुसऱ्या मॉनिटरपेक्षाही गरजेची वाटते.

कायमची जागाच नाही, रोज मिळेल तिथे बसायचं, अशी पद्धत असेल तर? मग तुमची मांडणी एका पिशवीत मावली पाहिजे: कीबोर्ड, माउस, घडीचा स्टँड, हेडफोन, वही. खुर्चीची उंची मात्र रोज सकाळी लावायचीच, आदल्या दिवशी कोण बसलं होतं कोण जाणे.

आणि मागायला लाजू नका. मात्र ‘मान दुखते’ एवढंच लिहून तिकीट (कंपनीच्या सिस्टिममधली मागणीची नोंद) टाकलं तर ते फिरत राहतं. ‘लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड हवा, मॉनिटर उंची बदलता येणारा हवा’, असं स्पष्ट लिहा आणि मॅनेजरना सीसीमध्ये ठेवा. हे पहिल्याच आठवड्यात करा. नव्या माणसाला सामान द्यायचंच असतं, तेव्हा त्याच यादीत आणखी दोन वस्तू सहज बसतात. सहा महिन्यांनी तीच मागणी केली, तर आधी मंजुरी कोणाची घ्यायची इथूनच सुरुवात होते.