वावरावरून जाणारं विमान आणि तासांचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

पऱ्हाटी वेचताना मान वर केली की आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारं विमान दिसतं. ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं, ताशी 900 किलोमीटरच्या आसपास पळतं. घरचं पोरगं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं, की आपण अंतराला 900 नं भागून मोकळे होतो. हिशोब फसतो तो इथंच.

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, तिथं गोल पृथ्वी ताणून सपाट केलेली असते. शाळेतला पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्तावर सुतळी गुंडाळून मोजा. समजा, 1 मीटर भरली. पृथ्वीचा घेर सुमारे 40 हजार किलोमीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरला 400 किलोमीटर. आता दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात सुतळी ताणा. घट्ट ताणा, सैल राहिली तर अंतर फुगतं. ती आपसूक उत्तरेला सरकते, सैबेरियावरून आर्क्टिक समुद्रात जाते. भरते 31 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 12 हजार 400 किलोमीटर.

पण विमान या सुतळीवरून जात नाही. तिबेटची जमीनच इतकी उंच, की केबिनमधला हवेचा दाब गेला तर श्वास घेता येईल अशा 10 हजार फुटांवर उतरायला जागा नाही. कधी एखादा देश आपलं आकाश बंद करतो. आणि सगळ्यात मोठा खेळ वाऱ्याचा.

एअर इंडियाचं हेच विमान आधी पश्चिमेला, अटलांटिककडून जायचं: 13,900 किलोमीटर, साडेसोळा तास. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं: 15,300 किलोमीटर, साडेचौदा तास. वाट 1,400 किलोमीटरनं लांबली, वेळ दोन तासांनी घटला! त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. पाठीशी असला तर तेवढा वेग फुकटात, समोरून आला तर तेवढीच तूट. विमानाखालून पृथ्वी फिरत जाते म्हणून वेळ वाचतो, हे काही खरं नाही. तसं असतं तर पूर्वेला जाणाऱ्यालाच उशीर झाला असता.

आता घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागं, उन्हाळ्यात साडेबारा. समजा, जानेवारीत पहाटे 4 ला दिल्ली सोडली. साडेचौदा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिथं त्याच तारखेची पहाट, 5 वाजलेले. कागदावर प्रवास एका तासाचा!

तारखेत मात्र भलेभले फसतात. तिकिटावर 15 तारीख, 00:40 असेल, तर विमानतळावर 14 च्या रात्री साडेनऊलाच हजर व्हायचं. 15 ला जेवण करून निघालात तर विमान गेलेलं असतं, आणि पैसे परत मिळतीलच असं नाही.

नागपूर-दिल्लीचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर बॅग दिल्लीत उतरवून पुन्हा जमा करावी लागते. पहिलं विमान उशिरा आलं नि पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे घ्या. नाहीच जमलं तर मधे पाच-सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं दाटतं, तेव्हा आदल्या दिवशीच दिल्ली गाठलेली बरी.