आधी दाह शमवा, मग मोतीबिंदू काढा

(दृश्य: पुण्यातील नेत्ररुग्णालय, बाह्यरुग्ण विभाग, स्लिट लॅम्प तपासणी)

या खोलीतील दिवे मुद्दाम मालवलेले आहेत. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा तपासायचा दिव्यासह असलेला सूक्ष्मदर्शक; त्याचा अरुंद झोत डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातून जातो, तेव्हा निरोगी डोळ्यात नितळ दिसणाऱ्या पाण्यात येथे पांढऱ्या पेशींचे कण कवडशातल्या धुळीसारखे तरंगताना दिसतात. १ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या झोतात अशा किती पेशी आहेत, हे डॉक्टर मोजत आहेत, कारण शस्त्रक्रियेची तारीख या मोजणीवर ठरणार आहे.

इंदापूरहून एसटीने स्वारगेटला उतरून आलेल्या या बाईंना युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या आवरणाचा दाह आहे. मोतीबिंदू अशा दाहामुळेही होतो, आणि दाह आटोक्यात ठेवणाऱ्या स्टेरॉइडच्या दीर्घ वापरानेही होतो.

"मॅडम, तारीख कधी देताय?" त्या विचारतात.

"काकू, डोळा आधी शांत होऊ द्या."

साधारणपणे किमान ३ महिने दाह पूर्ण शांत राहिल्याशिवाय अशा डोळ्यावर शस्त्रक्रिया केली जात नाही. शेजारच्या घरातील आजोबांचा मोतीबिंदू आठवड्याभरात निघाला, मग आपलाच का अडला, असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही प्रतीक्षा म्हणजे उपचाराचाच भाग आहे, आणि शिबिरात नाव नोंदवतानाही जुन्या दाहाची माहिती सांगितलीच पाहिजे.

(दृश्य: शस्त्रक्रियागृह, सूक्ष्मदर्शकातून)

बाहुलीचा हा वेडावाकडा आकार नीट पाहावा. वारंवार झालेल्या दाहामुळे बुबुळाची कड मागच्या भिंगाला जागोजागी चिकटली आहे, त्यामुळे औषध घालूनही बाहुली उघडत नाही. शल्यविशारद घट्ट जेल सोडून बुबुळ आणि भिंग यांमध्ये जागा करतात, बोथट अवजाराने एकेक चिकटलेली जागा अलगद सोडवतात आणि मग बारीक आकड्यांनी बुबुळाची कड चहूबाजूंनी ओढून धरतात. बुबुळाला जितका कमी धक्का लागेल, तितका नंतरचा दाह कमी, म्हणून येथे घाई नाही. आता फेको या यंत्राच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी गढूळ भिंगाचे तुकडे होतात, ते शोषले जातात आणि घडी घातलेले ॲक्रिलिकचे कृत्रिम भिंग आत उलगडते.

दाह उसळू नये म्हणून अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या जातात. नंतर स्टेरॉइडचे थेंब आरंभी तासा-दोन तासांनी, पुढे हळूहळू कमी करत कित्येक आठवडे घालावे लागतात. दाह दाबून ठेवणारे मेथोट्रेक्झेट हे औषध चालू असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि 'आता ऑपरेशन झाले' म्हणून स्वतःच्या मनाने थांबवायचे नसते.

(दृश्य: ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी)

दृष्टिपटलाच्या मध्यभागी, संगणकाच्या पडद्यावर काळ्या पोकळ्या दिसतात तेथे, पाणी साठून सूज आलेली आहे. स्वच्छ भिंग बसवूनही काही रुग्णांना अक्षरे अंधुक दिसतात त्याचे हे एक कारण. ही सूज बहुधा काही आठवड्यांनी उद्भवते, म्हणून पहिल्या दिवशी चांगले दिसले तरी पुढच्या तपासण्या चुकवू नयेत. थेंब मध्येच सोडल्यास दाह उलटतो, डोळ्यातील दाब बिघडतो आणि काही वेळा गेलेली दृष्टी परत येत नाही.

डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा दिसणे कमी झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.