ना माहेरचा, ना सासरचा

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्याकडे आता ऑक्टोबरचा उकाडा असेल, पंखे पाचवर फिरत असतील. मी बोलतेय ती अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून, बॉस्टनजवळच्या एका लहानशा गावातून. इथे सकाळी मोटारीच्या काचेवरचं गोठलेलं दंव खरवडल्याशिवाय कामावर निघता येत नाही. आणि अंगणाअंगणांत भोपळे, सांगाडे आणि कापसाची कोळिष्टकं दिसायला लागली आहेत. हॅलोवीन जवळ आलाय.

या सणाची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते या सणाच्या आजूबाजूला आमच्या घरात, म्हणजे नवरा-बायकोत आणि आमच्या मित्रमंडळींत, काय काय चालतं ते.

आधी थोडं दिवाळीबद्दल. लग्न झालं की दिवाळी दोन घरांची होते. माझ्या माहेरच्या भाजणीत धने सढळ हातानं, सासरच्या भाजणीत नावाला. आमच्याकडे पहिला मान बेसनाच्या लाडवाचा, त्यांच्याकडे रव्याच्या. करंजीत खोबरं ओलं की सुकं, यावर तर आमचा आजतागायत तह झालेला नाही. प्रत्येक गोष्टीला दोन पद्धती, आणि प्रत्येक पद्धतीमागे कुणाची तरी आई उभी. हॅलोवीनचं तसं नाही. तो माझ्या आईनं केलेला नाही आणि नवऱ्याच्या आईनंही नाही. “आमच्याकडे असं नसतं” हे संसारातलं सगळ्यात वापरलेलं वाक्य इथे उच्चारायची सोयच नाही. जे काही करायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. मला हा सण आवडतो तो मुख्यतः त्यासाठी. भुताखेतांचं मला फारसं कौतुक नाही.

तसा हॅलोवीनही इथला मूळचा नाहीच. तो येतो ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ख्रिश्चनांच्या १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्री. त्याच्याही मागे आयर्लंड-ब्रिटनकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा सुगी संपल्याचा सण सांगतात. त्या रात्री मेलेली माणसं जगात परत येतात, अशी समजूत होती. आपला पितृपंधरवडा संपल्यावर काही आठवड्यांतच हे सगळं येतं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक १८४५ पासून कुजायला लागलं, दुष्काळ पडला, लाखो माणसं बोटींनी इकडे आली आणि त्यांच्याबरोबर हा सणही आला. तिकडे ती माणसं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. इथे आल्यावर भोपळा मिळाला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. बॉस्टनमध्ये तर आयरिश वस्ती इतकी, की आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे पूर्वज त्या बोटींतून आलेले निघतील.

आता भोपळा. या सणाला सासर नाही म्हणाले खरी, पण भोपळा घरात आला आणि त्याच्या मागोमाग फोनवरून सासूबाई आल्या. “अख्खा भोपळा बाईनं चिरू नये. पहिली सुरी त्याला लावू दे.” कोहळा असो, भोपळा असो, पहिला घाव पुरुषाचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. मी म्हटलं, बरंच झालं की. भोपळ्याचं टोक गोल कापून झाकण काढणं हे सगळ्यात कष्टाचं काम, ते आपोआप नवऱ्याकडे गेलं. आतला गर आणि बियांचा चिकट गुंता काढायचं काम मात्र शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही. त्यावरून दरवर्षी थोडी बोलाचाली होते.

त्या कोरायच्या भोपळ्याची भाजी करू नका, हे इथे नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी बाईला मी सांगते. तो पाणचट आणि तंतूंचा असतो. घारग्यांना आणि भरताला लागतो तो छोटा, घट्ट गराचा, गोडसर भोपळा, बाजारात शेजारच्याच टोपलीत मिळतो. बिया मात्र दोन्हींच्या चांगल्या. धुवून वाळवायच्या, तूप, मीठ, तिखट लावून भट्टीत खरपूस भाजायच्या. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत आतून बुरसतो, नाहीतर त्याआधीच खारी त्याचं नाक कुरतडून टाकतात. म्हणून आदल्या दोन दिवसांतच कोरावा.

आमचा खरा वाद असतो सांगाड्यावरून. २०२० पासून इथे बारा फुटी सांगाडे विकायला आलेत. किंमत ३०० डॉलरच्या आसपास. नवऱ्याला तो हवाय. ठेवायचा कुठे, हा माझा प्रश्न. गॅरेजमध्ये बर्फ काढायचं यंत्र, सायकली आणि गणपतीच्या मखराचं सामान. नवरा म्हणतो, वर्षभर अंगणातच उभा राहू दे. काही लोक खरंच तसं करतात, डिसेंबरात त्याला सांताची टोपी घालतात. आमची गोव्याची मैत्रीण या वादात हमखास त्याची बाजू घेते. तिकडे नरकचतुर्दशीच्या आधी वाड्यावाड्यांतली पोरं नरकासुराचे उंचच्या उंच पुतळे करतात आणि पहाट व्हायच्या आत जाळून मोकळी होतात. ती स्वतः ख्रिश्चन, पण शेजारच्या पोरांबरोबर नरकासुराला कागद चिकटवत मोठी झालेली. “तुमचा सांगाडा जाळता येत नाही, एवढाच त्याचा दोष,” असं तिचं मत आहे.

हिच्यासारखी माणसं हेच आमचं इथलं गणगोत. सप्टेंबर संपता संपता आम्ही सगळे मिळून सफरचंदाच्या बागेत जातो. पिशवीचे पैसे भरायचे आणि झाडावरून आपल्या हातानं तोडायची. मॅकिंटॉश नावाची जात इथे जुनी, आंबटगोड, पण लवकर मऊ पडणारी. पिशवी भरेपर्यंत नवरे मंडळींना भारी उत्साह असतो. घरी आल्यावर त्या ढिगाचं काय करायचं हा विचार बायकांनी करायचा. मी साखरांबा करते, वेलदोडा-केशर घालून. एक मैत्रीण लोणचं घालते आणि ते वाईट लागतं, हे तिला सांगायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

त्याच सुमाराला झाडं रंगतात. पानातला हिरवा रंग विरला की खालचा पिवळा दिसतो. तो उन्हाळाभर तिथेच असतो, फक्त झाकलेला. लाल मात्र झाड याच दिवसांत नव्यानं तयार करतं, आणि लख्ख उन्हाचे दिवस नि गार रात्री लागोपाठ आल्या की मॅपल पेटल्यासारखं दिसतं. बाहेरून लोक हे बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. पानं गोळा करायला आम्ही उरतो. मोठाल्या कागदी पिशव्यांत दाबून भरायची आणि पालिकेची गाडी येईल त्या सकाळी रस्त्याच्या कडेला ठेवायची. या कामाला आमच्याकडे वाटणी नाही, दोघंही करतो. घरात एकमेकांशी बोलायला दिवसभरात वेळ मिळत नाही. हातात दाताळं घेतलं की कर्जाच्या हप्त्यापासून आईच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून होतं.

एकदा आम्ही मित्रमंडळी सेलमला गेलो होतो. बॉस्टनहून लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावर. ऑक्टोबरात मोटार घेऊन जाण्याचा विचारही करू नये, महिन्याभरात दहा लाखांच्या आसपास माणसं तिथे येतात. सगळं गाव चेटकिणींच्या टोप्या घालून फिरत असतं. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा चेटकीण आहे. का, तर १६९२ साली या भागात चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले आणि १९ जणांना फाशी दिली. त्यांतली एकही व्यक्ती चेटकीण नव्हती, हे त्या टोप्या विकणाऱ्या दुकानांत कुणी सांगत नाही.

त्यातल्या एका नवरा-बायकोची हकिगत मला विसरता येत नाही. जाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला शेतकरी आणि त्याची बायको मार्था. मार्थावर आरोप झाला तेव्हा खुद्द नवऱ्यानं तिच्याविरुद्ध जबानी दिली. आणि काय, तर ती रात्री चुलीपाशी गुडघे टेकून बसली होती, प्रार्थना करत असावी, पण शब्द काही ऐकू आले नाहीत. घरातली रोजची साधी गोष्ट, ती न्यायालयात जाऊन पुरावा झाली. पुढे त्याच्यावरही तोच आरोप आला. त्यानं खटल्याला उभं राहायलाच नकार दिला, तेव्हा छातीवर दगडांची वजनं चढवून त्याला चिरडलं. १९ सप्टेंबरला तो मेला, २२ सप्टेंबरला मार्थाला फाशी झाली. गावात या सगळ्या बळींच्या स्मरणार्थ १९९२ साली एक जागा केली आहे. दगडी भिंतीतून बाहेर आलेली बाकं, प्रत्येकावर एकेक नाव. काही लोक तिथे फुलं ठेवतात, काही लोक त्याच बाकांवर बसून डोनट खातात. आम्ही डोनट बाहेर संपवून आत गेलो. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, “मी तुझ्याबद्दल काय काय सांगू शकतो याची यादी मोठी आहे.” मी म्हटलं, माझी तुझ्याहून मोठी. पण हसू जरा बेतानंच आलं.

त्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी उरलेल्या शेवटच्या बाईचं नाव निर्दोष म्हणून नोंदवलं गेलं ते थेट २०२२ साली. एलिझाबेथ जॉन्सन तिचं नाव. तिच्यासाठी पाठपुरावा कुणी केला माहितीय? याच राज्यातल्या नॉर्थ अँडोव्हर गावच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी. मुलांना सणातलं नेमकं काय उचलायचं ते पुष्कळदा मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं.

आणि मुख्य संध्याकाळ तर मुलांचीच. वेष करून ती घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. नियम सोपा आहे. ओसरीवरचा दिवा लागलेला असेल तर या, विझलेला असेल तर पुढच्या घरी जा. एरवी इथे न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही. ही एकच संध्याकाळ अशी, की अनोळखी पोरं घंटा वाजवतात आणि आपण हसत दार उघडतो. मागे रस्त्यावर त्यांचे आईबाप कॉफीचे पेले धरून उभे असतात. पलीकडच्या गल्लीतली बरीच माणसं मला अशीच ओळखीची झाली.

गोळ्या-चॉकलेटं किती आणायची, हा आमच्याकडचा राजकीय प्रश्न. नवरा स्वतःला आवडणारी आणतो आणि भरपूर आणतो, म्हणजे उरतील. मी त्याला न आवडणारी आणते. आमच्या एका मित्राच्या मुलाला शेंगदाण्यानं श्वास कोंडतो, त्यामुळे २०१४ पासून देशभर रुजलेली एक चांगली पद्धत त्यांच्या दारात दिसते. मोरपिशी रंगानं रंगवलेला भोपळा. तो दिसला की समजायचं, या घरी पेन्सिली, चिकटचित्रं, असं न खाण्याचंही काहीतरी मिळेल. आता आम्हीही एक रंगवतो.

२०१६ साली मोठी मजा झाली. ३१ ऑक्टोबरला पाडवा आला. कामावरून येऊन नवरा झब्बा घालून पाटावर बसला, मी निरांजन लावलं, कुंकू लावलं आणि ओवाळायला घेणार तोच घंटा. तबक हातात घेऊनच दार उघडलं. दारात एक चिमुकला डायनासोर. त्यानं तबक पाहिलं आणि पिशवी पुढे केली. तबकात सुपारी आणि माझी अंगठी होती, म्हणून मी ते मागे घेतलं. डायनासोरानं माझ्या मागे कपाळावर कुंकू लावलेल्या माणसाकडे बघून विचारलं, “तू कोण झालायस?” नवरा म्हणाला, “मी नवरा झालोय.” पोराला ते पटलं असावं. चॉकलेट घेऊन तो गेला. ओवाळणं त्या दिवशी घंटांच्या मधल्या फटींत, हप्त्याहप्त्यानं पार पडलं. ओवाळणीचं पाकीट मात्र नवरा उद्यावर ढकलायला बघत होता, ते मी होऊ दिलं नाही.

रात्री मोठ्यांची बैठक कुणाच्या तरी मागच्या अंगणात, शेकोटीभोवती. तिथे वेष करून यायची सक्ती असते. एकदा एक जोडपं विक्रम आणि वेताळ होऊन आलं होतं. वेताळ ती. विक्रमानं तोंड उघडलं की वेताळ निघून जाणार, त्यामुळे तो रात्रभर गप्प होता. त्याला ओळखणारे म्हणाले, यात वेष कुठला? मग गोष्टी निघतात. कोकणातला मित्र राखणदाराच्या सांगतो, देशावरचे मुंजाच्या. आमच्या भुतांना ठरलेले पत्ते असतात, अमका पिंपळ, तमकी विहीर, त्या पत्त्यांची आठवण काढत मंडळी उशिरापर्यंत बसतात. गोव्याची मैत्रीण भुताच्या गोष्टी सांगत नाही. तिला २ नोव्हेंबर महत्त्वाचा. तिच्या गावात त्या दिवशी माणसं दफनभूमीत जाऊन कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी ती इथल्या चर्चमध्ये जाते, आणि तिच्या मुलांना शाळेतून आणायचं काम आमच्यापैकी कुणीतरी करतं.

हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी चॉकलेटं निम्म्या किमतीत मिळतात आणि भोपळे आम्ही एका शेतावर डुकरांसाठी पोचवतो. आणि मग येतो घड्याळांचा रविवार. उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली इथली घड्याळं पुन्हा मागे करायचा दिवस २००७ पासून ऑक्टोबर अखेरऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला, त्यामुळे हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलांना तासभर जास्त उजेड मिळतो. घड्याळं मागे गेली की भारताशी असलेला साडेनऊ तासांचा फरक साडेदहाचा होतो. सासूबाईंना हे दरवर्षी समजावून सांगावं लागतं. त्या म्हणतात, “आम्ही आहोत तिथेच आहोत. तुम्हीच काय ते मागेपुढे जा.” तेव्हा श्रोतेहो, ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांनी त्या रविवारपासून फोनची वाट तुमच्या घड्याळानं तासभर उशिरा बघावी. नमस्कार.