ओढा कशानं बिघडला?

(दृश्य: ओढ्याच्या तळातला दगड उलटा होतो.)

दगडाला घट्ट चिकटलेलं हे चपटं पिल्लू मेफ्लाय नावाच्या कीटकाचं. पोटाच्या दोन्ही कडांना थरथरताहेत ते त्याचे कल्ले.

पाण्याचा नमुना बाटलीत भरला, तर त्या घटकेचं पाणी तपासलं जातं. रात्रीच्या पावसानं शेतातलं कीटकनाशक ओढ्यात आलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं, तर बाटलीत काय सापडणार? तळातले जीव मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतात.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांची पिल्लं भरपूर, म्हणजे पाणी चांगलं. हा जुना ठोकताळा आजही चालतो. पण ते नाहीसे झाले, तर पाणी बिघडलं एवढंच समजतं. कशानं, ते शोधायचं तर जिवाचं नाव बाजूला ठेवून त्याची राहणी बघावी लागते. श्वास कसा घेतो? खातो काय? पिढी किती दिवसांची?

सांडपाण्यानं प्राणवायू घटतो. मग ट्युबिफेक्स किडे आणि कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या तग धरतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, उरलासुरला प्राणवायू धरून ठेवणारा.

गाळाची तऱ्हा वेगळी. प्राणवायू असला तरी नाजूक कल्ल्यांवर माती बसते, दगडांमधल्या फटी बुजतात, जाळं विणून अन्न गाळणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्यांची पंचाईत होते. चिखलात बिळं करणाऱ्यांचं मात्र फावतं. पाणी आम्लधर्मी झालं, तर आधी गोगलगाई आणि शिंपले हटतात. कवचाला कॅल्शियम लागतं ना!

सगळ्यात अवघड कीटकनाशकं. 2005 मध्ये जर्मनीतल्या मथियास लीस आणि पीटर फॉन डेर ओहे यांनी त्यासाठी ‘स्पीअर’ निर्देशांक मांडला. त्यात चार गोष्टी पाहतात: विषापुढे जीव किती नाजूक, पिढी किती लांब, वरच्या स्वच्छ भागातून तो परत येऊ शकतो का, आणि फवारणीच्या दिवसांत तो पाण्यातच असतो का. पिढी लांबलचक असेल, तर एका तडाख्यातून सावरायला वर्ष जातं.

अर्थात, नुसत्या लाल अळ्या दिसल्या म्हणून सांडपाण्यावर बोट ठेवणं घाईचं. संथ, उन्हानं तापलेल्या पाण्यातही प्राणवायू कमीच असतो. म्हणून तुलना करायची ती सांडपाण्याचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, तसाच तळ आणि तसाच प्रवाह असलेल्या पट्ट्याशी. आणि तीही एकाच हंगामात, कारण पंख फुटून मेफ्लाय उडून गेले की स्वच्छ ओढ्यातही ते दिसत नाहीत.