दीड मिनिटात अंधार

नमस्कार श्रोतेहो.

सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचे तीन निरोप पृथ्वीकडे निघतात आणि तिघांची चाल वेगवेगळी असते. आजच्या बोलण्यातलं एवढं एक लक्षात राहावं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. पहिला निरोप प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा. तो आठ मिनिटं वीस सेकंदांत पोचतो. दुसरा वेगवान प्रोटॉनांचा. त्याला अर्ध्या तासापासून काही तास लागतात. तिसरा असतो सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, सुटलेल्या तप्त वायूचा ढग. चुंबकी क्षेत्र पोटात घेऊनच तो निघतो आणि एक ते तीन दिवसांनी येतो. मिनिटं, तास, दिवस. हा क्रम धरून ठेवा.

पहिल्या निरोपाची आगाऊ सूचना मिळत नाही. सूर्यावरची ज्वाला आपल्याला दिसते त्याच क्षणी तिचे क्ष-किरणही येऊन पोचलेले असतात. ते आयनांबराच्या, म्हणजे दूरच्या रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या वातावरणाच्या, सर्वांत खालच्या थरात, 60 ते 90 किलोमीटर उंचीवर, शिरतात आणि तो थर रेडिओलहरी गिळायला लागतो. तुमच्याकडे शॉर्टवेव्हचा संच असेल तर हे कानांनी ऐकता येतं. भर दिवसा दूरचं केंद्र स्वच्छ लागलेलं असतं आणि बघता बघता आवाज बुडतो, मागची खरखरसुद्धा मंदावते. संच बिघडला असं वाटतं. तेव्हा मध्यम लहरींवरचं जवळचं केंद्र लावून बघा. ते नीट वाजलं तर संच ठीक आहे, आकाशातली वाट बंद झाली आहे. आधी कमी मेगाहर्ट्झची केंद्रं जातात आणि सर्वांत शेवटी तीच परत येतात, म्हणून अशा वेळी वरच्या पट्ट्यात सरका. घर बदलताना लोक शॉर्टवेव्हचे जुने संच टाकून देतात, याची मला फार हळहळ वाटते. सूर्याची नाडी ऐकवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

दुसऱ्या निरोपाचा, म्हणजे प्रोटॉनांचा, त्रास मुख्यतः उपग्रहांना, अंतराळवीरांना आणि ध्रुवांवरून जाणाऱ्या विमानांच्या रेडिओ संपर्काला होतो. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या दुर्बिणींच्या चित्रांवरही तेव्हा बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात.

आता तिसरा निरोप, तो ढग. त्यासाठी आपण 1989 सालच्या मार्च महिन्यात, कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जाऊ.

त्या महिन्याच्या सुरुवातीला सूर्याच्या पूर्व कडेवरून डागांचा एक भलाथोरला समूह वळून पुढे आला. 6 मार्चला त्यातून एक्स-15 दर्जाची ज्वाला उठली. ए, बी, सी, एम, एक्स अशी ही चढती मोजणी आहे आणि दर पायरीला तीव्रता दसपट होते. पण समूह तेव्हा कडेला होता, त्या दिशेने सुटलेला ढग आपल्याकडे येत नाही. 10 मार्चला तो बराच समोर आला होता. त्या दिवशी पुन्हा एक्स दर्जाची ज्वाला झाली. 6 तारखेपेक्षा ती लहान होती, पण या वेळी ढग पृथ्वीच्या रोखाने सुटला. लहान ज्वाला, पण समोरून. हे ध्यानात ठेवा, कारण वर्तमानपत्रं एक्सपुढचा आकडा बघून भीती घालतात. तो आकडा पहिल्या निरोपाचा असतो. तिसरा आपल्याकडे येणार की नाही, हे तो सांगत नाही.

सुमारे चोपन्न तासांनी, क्युबेकच्या घड्याळात 12 मार्चच्या रात्री साडेआठच्या सुमारास, ढगाचा पहिला धक्का पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राला बसला. मध्यरात्र उलटून गेल्यावर 2 वाजून 43 मिनिटांनी दुसरा बसला.

क्युबेकची बरीचशी वीज उत्तरेकडे जेम्स उपसागराच्या बाजूला, ला ग्रांद नदीवरच्या जलविद्युत केंद्रांत तयार होते. तिथून माँट्रियालपर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीच्या, 735 किलोव्होल्टच्या वाहिन्या येतात. वाहिनी इतकी लांब असली की तिच्यावरचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, हेलकावे खातो. तो सावरायला वाटेत सात संच बसवले होते. वीज अभियंते त्यांना एसव्हीसी म्हणतात. दाब उतरला की चढवायचा, चढला की उतरवायचा, एवढंच त्यांचं काम. सात संच, एवढं लक्षात ठेवा.

चुंबकी क्षेत्र झपाट्याने बदलू लागलं की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. किलोमीटरमागे जेमतेम एखाद-दोन व्होल्ट. घरातला सेलसुद्धा दीड व्होल्टचा असतो. पण हजार किलोमीटरला गुणा, म्हणजे हजार-दोन हजार व्होल्ट झाले. त्यातून क्युबेकच्या खाली आहे अतिप्राचीन, कठीण खडक. त्यातून वीज सहज वाहत नाही. मग ती सोपी वाट शोधते. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून वर चढते, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून पळते आणि दूरच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून पुन्हा जमिनीत उतरते.

तिथली वीज सेकंदाला 60 आवर्तनं करते, म्हणजे 120 वेळा दिशा बदलते. हा जमिनीतून आलेला प्रवाह दिशा बदलायला काही मिनिटं लावतो. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो एकाच दिशेचा प्रवाह झाला आणि ट्रान्सफॉर्मरला नेमका तोच सोसत नाही. त्याचा लोखंडी गाभा दर आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात चुंबकत्वाने काठोकाठ भरतो. मग तीन गोष्टी होतात. गाभ्यात न मावलेलं चुंबकत्व टाकीत आणि वेटोळ्यांत शिरून ती तापवतं. ट्रान्सफॉर्मर वाहिनीचा दाब खाली ओढतो. आणि विजेची लाट वेडीवाकडी होते, तिच्यात 120, 180, 240 हर्ट्झच्या नको असलेल्या लहरी मिसळतात.

दाब खाली ओढला जात होता, म्हणजे त्या सात संचांची गरज सर्वांत जास्त होती ती याच घडीला. पण त्यांच्यात कपॅसिटर असतात आणि कपॅसिटर जास्त हर्ट्झच्या लहरींना सहज वाट देतो. त्या लहरी आत घुसल्या. संरक्षक रिलेंना, म्हणजे धोका दिसताच उपकरण आपोआप बंद करणाऱ्या स्विचांना, प्रवाह मर्यादेबाहेर गेलेला दिसला आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे संच बंद केला. 2 वाजून 44 मिनिटांनी पहिला. पाठोपाठ दुसरा. एका मिनिटाच्या आत सातही बंद! वाहिन्या निराधार झाल्या, ला ग्रांदचं सुमारे साडेनऊ हजार मेगावॉट उत्पादन तुटलं. त्या घडीला प्रांताची एकूण गरज साडेएकवीस हजारांच्या आसपास होती. एवढं मोठं खिंडार भरून निघेना आणि उरलेलं जाळंही कोसळलं. पहिला संच पडल्यापासून सगळा प्रांत अंधारात जाईपर्यंत लागली दीडच मिनिटं. साठ लाख माणसं. मार्चमधली कडाक्याची थंडी. माँट्रियालची मेट्रो बंद, विमानतळ बंद. नऊ तासांनीही वीज सगळीकडे परतलेली नव्हती. त्याच चुंबकी वादळात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या सेलम अणुवीज केंद्राच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची वेटोळी जळली, आणि ध्रुवीय प्रकाश पार फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत खाली उतरलेला दिसला.

नंतर क्युबेकने दोन गोष्टी केल्या. रिलेंच्या मर्यादा वाढवल्या, म्हणजे तेवढ्याशा लहरींनी संच बंद पडू नयेत. आणि लांब वाहिन्यांत कपॅसिटर ओळीने जोडले. कपॅसिटरमधून एकदिश प्रवाह जात नाही, त्यामुळे जमिनीच्या प्रवाहाची वाटच अडली.

ढग दोन दिवस वाटेत होता. मग सूचना का देता आली नाही? कारण ढग निघालेला दिसला तरी त्याच्या पोटातल्या चुंबकी क्षेत्राची दिशा लांबून कळत नाही. ती उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला बऱ्यापैकी थोपवतं. दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रं जुळतात आणि दार उघडतं. ही दिशा मोजायला वाटेत कुणीतरी उभं असावं लागतं. पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूपाशी, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीत यान टिकून राहतं तिथे, त्यासाठी नेमकी जागा आहे. 1978 पासून काही वर्षं तिथे एक यान होतं, पण पुढे ते धूमकेतूच्या भेटीला पाठवलं गेलं. 1989 साली ती चौकी रिकामी होती.

आज ती रिकामी नाही. 1996 पासून सोहो हे यान, 1997 पासून एस, 2015 पासून डिस्कव्हर आणि 6 जानेवारी 2024 पासून आपलं आदित्य एल-1 तिथे आहे. तिथून येणारी मोजमापं बघताना आधी बीझेड नावाचा आकडा बघा. तो उणे म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे. उणे 10 नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकी क्षेत्र मोजण्याचं एकक) खाली तो काही तास टिकला तर चुंबकी वादळ येतंच. मग सौरवाऱ्याचा वेग बघा. एरवी तो सेकंदाला 400 किलोमीटरच्या आसपास असतो. 15 लाखांना वेगाने भागलं की हातातला वेळ मिळतो. 400 ला एक तास, 800 ला अर्धा तास, 1000 ला पंचवीस मिनिटं. वादळ लागलं की शॉर्टवेव्हचा नियम उलटतो. आता वरचे पट्टे बंद पडतात, म्हणून खाली सरका. ज्वालेच्या वेळी वर, वादळाच्या वेळी खाली.

यंत्रं एवढी असली तरी हाताने ठेवलेल्या नोंदींचं मोल कमी होत नाही, असं माझं ठाम मत आहे. 1859 सालच्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेले चुंबकमापकाचे आकडे आजही शास्त्रज्ञ तपासतात.

तुम्हालाही नोंद ठेवता येईल. लहान दुर्बीण तिकाटण्यावर लावा, नेत्रिकेच्या, म्हणजे एरवी डोळा लावतो त्या भिंगाच्या, मागे एक फुटावर पांढरा पुठ्ठा धरा आणि सूर्याची प्रतिमा त्यावर पाडा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, क्षणभरही नाही. मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण असेल तर तिला झाकण घाला. दर दोन मिनिटांनी दुर्बीण बाजूला वळवा, नाहीतर नेत्रिकेतला डिंक आणि प्लास्टिक वितळतं. पुठ्ठ्यावर 15 सेंटिमीटरचं वर्तुळ काढून डाग पेन्सिलीने गिरवा. दुर्बीण न हलवता प्रतिमा ज्या बाजूला सरकते ती पश्चिम. मग समूह मोजा, त्या संख्येला दहाने गुणा, त्यात सगळे डाग एकेक मोजून मिळवा. दोन समूह आणि सात डाग असतील तर 27. हीच वुल्फ संख्या, 1848 पासूनची. शेजारी तारीख, वेळ आणि आकाश कसं होतं ते लिहा. पूर्वेला उगवलेला समूह साधारण तेरा दिवसांनी पश्चिम कडेआड जातो. टिकून राहिला तर पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा पूर्वेला दिसतो. त्या दिवशी वहीतलं जुनं पान उघडा आणि तो वाढलाय की विरलाय ते ताडून बघा.

नमस्कार.