गाळाचे शास्त्र कुठे शिकावे?

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातून दिसणारी ही ठाण्याची खाडी. ओहोटी लागली की पाणी इतके मागे सरते की काठावरच्या होड्या गाळात कलंडतात आणि पुढची भरती येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. होडीच्या काठावर बसलेले हे आजोबा सांगतात की त्यांच्या तरुणपणी ओहोटीतही येथे होडी तरंगत असे. त्यांची नात याच काठावर वाढली. नवी मुंबईतील एका महाविद्यालयातून तिने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि हा गाळ येतो कुठून व नेमका येथेच का बसतो, हा प्रश्न घेऊन पुढील शिक्षणासाठी परदेशी जायचे ठरवले. कुटुंबाच्या इच्छेनुसार या माहितीपटात कोणाचेही नाव घेतलेले नाही.

त्यांच्या घरातील ही भिंत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक असलेल्या वडिलांनी विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची यादी छापून आणली, पहिल्या शंभर नावांवर हिरवा रंग फिरवला आणि मुलीला सांगितले, "बाळा, या शंभरांत मिळाले तर घर तारण ठेवू." घर तारण ठेवायला निघालेल्या माणसाला हाताशी एखादा भक्कम आकडा हवासा वाटतो, आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही. मात्र तो आकडा कशाचा बनलेला असतो हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. आमच्या मते खरी उणीव येथेच आहे, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू.

विद्यापीठांची शांघाय क्रमवारी २००३ साली सुरू झाली. तिच्यातील तीस टक्के गुण माजी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांचे आणि गणितातील फील्ड्स पदकांचे असतात, आणि आणखी वीस टक्के 'नेचर' व 'सायन्स' या दोन नियतकालिकांतील लेखांचे. वर्गात कसे शिकवले जाते याचे मोजमाप तिच्यात नाही. वडिलांनी छापलेली यादी क्यूएस या दुसऱ्या जागतिक क्रमवारीची होती. तिच्या २०२४च्या आवृत्तीपासून तीस टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांनी सर्वेक्षणात नोंदवलेल्या मतांचे आणि पंधरा टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांचे असतात, म्हणजे जवळजवळ निम्मा आकडा नावलौकिकाचा आहे. एका अध्यापकामागे विद्यार्थी किती, या निकषाचा वाटा त्याच आवृत्तीत वीस टक्क्यांवरून दहावर आला. त्या वर्षी एखादे विद्यापीठ काही पायऱ्या वर किंवा खाली सरकले असेल, तर त्यामागे केवळ हा बदललेला हिशेबही असू शकतो. शिवाय संस्थांनी स्वतःहून दिलेल्या माहितीवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. २०२२ साली कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेली आकडेवारी तपासून तिच्यातील विसंगती जाहीरपणे मांडल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत ते विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर गेले.

वाशीतील परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यातील ही दृश्ये नीट पाहावीत. प्रत्येक फलकावर मोठ्या अक्षरांत एक क्रमांक आहे. मात्र एका फलकावरचा क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा आहे, दुसऱ्यावर एका विषयाचा, तिसऱ्यावर शाश्वत विकासाच्या वेगळ्याच यादीतला, आणि चौथ्यावर केवळ तरुण विद्यापीठांच्या यादीतला. यांपैकी कोणताही क्रमांक खोटा असेलच असे नाही. प्रत्येकाने आपण ज्या यादीत वर आहोत ती यादी निवडली आहे, इतकेच. आणि तीन तासांत दहा दालनांतून फिरणाऱ्या पालकांना हा फरक ओळखण्याइतकी उसंत मिळत नाही.

या मुलीला वेगळी वाट सापडली ती खडकवासल्याला. १९१६ पासून काम करणारे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र पाहायला तिच्या वर्गाची सहल गेली होती, आणि बंदरांच्या प्रतिकृतींत पाणी व गाळ कसा वाहतो हे तिने तेथे पाहिले. पदवीच्या प्रकल्पासाठी तिने पाणी व गाळ कसा वाहतो याचे गणित मांडणारी डेल्फ्टथ्रीडी ही संगणकप्रणाली वापरली. नेदरलँड्समधील डेल्टारेस या संस्थेने २०११ साली ती सर्वांसाठी खुली केली आहे. प्रकल्पासाठी वाचलेल्या शोधनिबंधांच्या लेखकांची नावे तिने एका वहीत उतरवली आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या विभागात शिकवतो हे लिहिले. भिंतीवरच्या यादीशेजारी आता दिसणारा दुसरा तक्ता या वहीतून तयार झाला.

या तक्त्याचा पहिला रकाना विषयाचा आहे: गाळाचे वहन अनिवार्य आहे की ऐच्छिक, आणि ऐच्छिक असेल तर तो पुढच्या वर्षी खरोखर शिकवला जाणार आहे का. दुसरा रकाना शिकवणाऱ्या व्यक्तीचा, कारण नावाजलेले प्राध्यापक अनेकदा केवळ संशोधन करतात किंवा त्या वर्षी रजेवर असतात. तिसऱ्यात प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावरचे काम आहे. चौथा कालावधी व श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा): नेदरलँड्समध्ये अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी साधारणपणे दोन वर्षांची आणि १२० युरोपीय श्रेयांकांची असते, तर ब्रिटनमधील एका वर्षाची पदवी १८० ब्रिटिश, म्हणजे युरोपीय मापाने ९० श्रेयांकांची असते; खर्चाची तुलना हे लक्षात घेतल्याशिवाय करता येत नाही. त्यापुढे त्या देशाच्या मान्यता यंत्रणेतील अभ्यासक्रमाची नोंद, शुल्क, राहण्याचा खर्च आणि शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी मुदत. शेवटच्या रकान्यात, तेथे सध्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी काय सांगितले ते आहे. तिने सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारले होते: प्रबंधाला मार्गदर्शक किती वेळ देतात, घर मिळायला किती आठवडे लागले आणि वर्गात किती जण आहेत. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्यापुढील जागा तिने मोकळी सोडली आहे.

या तक्त्यात डेल्फ्ट शहराचे नाव दोनदा आले. तेथील तंत्रज्ञान विद्यापीठ वडिलांच्या हिरव्या पट्ट्यात होतेच. त्याच गावातील आयएचई डेल्फ्ट ही जलशिक्षण संस्था मात्र यादीत शोधूनही सापडेना. १९५३च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली, आणि त्यानंतर चार वर्षांनी, १९५७ साली, परदेशी अभियंत्यांना जलविज्ञान शिकवण्यासाठी या संस्थेचे काम सुरू झाले. ती केवळ पदव्युत्तर शिक्षण व संशोधन करते. क्यूएससारखीच आणखी एक जागतिक यादी, टाइम्स हायर एज्युकेशनची क्रमवारी, पदवी अभ्यासक्रम न शिकवणाऱ्या संस्थांना, तसेच जवळजवळ सगळे काम एकाच विषयात करणाऱ्या संस्थांना मुळात विचारातच घेत नाही, आणि पाच वर्षांत किमान एक हजार शोधनिबंधांची तिची अट आहे. विल्यम्स किंवा स्वार्थमोर यांसारखी अमेरिकेतील उत्तम पदवी महाविद्यालये जागतिक याद्यांत दिसत नाहीत, तीही मुख्यतः अशाच अटींमुळे. यादीत नाव नाही म्हणजे संस्था दुय्यम आहे, हा वडिलांचा समज एका संध्याकाळी हे नियम मोठ्याने वाचून दाखवल्यावर दूर झाला, आणि तो प्रसंग सुदैवाने आमच्या कॅमेऱ्यासमोर घडला.

क्रमांक पूर्णपणे बाजूला ठेवता येतो असे मात्र नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी क्यूएस क्रमवारीतील स्थानाची अट आहे. काही बँका विनातारण कर्जासाठी स्वतःच्या याद्या वापरतात. आणि भारतात शाखा उघडू पाहणाऱ्या परदेशी संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांत पहिल्या पाचशेंत असण्याची अट आहे, अर्थात एखाद्या क्षेत्रातील विशेष प्रावीण्याचा पर्यायही तेथे दिला आहे. नवी मुंबईसाठी १४ जून २०२५ रोजी ज्या पाच परदेशी संस्थांना शाखा उघडण्यासाठी इरादापत्रे (लेटर ऑफ इंटेंट) देण्यात आली, त्यांत यॉर्क व ॲबर्डीन विद्यापीठांसोबत इटलीची एक डिझाइन संस्थाही आहे. वैद्यकीय शिक्षणाचे गणित तर सर्वस्वी वेगळे आहे. परतून येथे व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) लागते, आणि क्रमांक कितीही वरचा असला तरी या अटींतून सुटका होत नाही.

तिने चार ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, तिने जलशिक्षण संस्था निवडली, घर तारण ठेवून कर्ज झाले आणि पावसाळा संपता संपता ती गेली.

भिंतीवर दोन्ही कागद अजून आहेत. धाकटा भाऊ यंदा बारावीला असून त्याला सागरी जीवशास्त्र शिकायचे आहे. बहिणीच्या तक्त्याची नक्कल करताना पहिल्या रकान्यातील गाळ खोडून त्याने तेथे तिवरे आणि निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) असे लिहिले आहे. खाली, जेट्टीवर, भरतीचे पाणी चढू लागले आहे आणि आजोबा होडीचा दोर सोडत आहेत.