टेम-१ बीटा-लॅक्टमेज: पेनिसिलीन तोडण्यापेक्षा सोडणं अवघड

[स्क्रीनवर: टेम-१ची त्रिमितीय रचना, सावकाश फिरती]

पेनिसिलीन काय करतं? जिवाणूची पेशीभित्ती बांधणारी जी एन्झाइम्स असतात, त्यांच्यातल्या सेरीन नावाच्या एका अमिनो आम्लाला ते सहसंयुज बंधानं चिकटतं आणि सुटत नाही. भिंतीचं काम थांबतं, जिवाणू फुटतो. आता गंमत अशी, की पेनिसिलीन निकामी करणारं टेम-१ बीटा-लॅक्टमेजही सुरुवात हुबेहूब अशीच करतं. त्याचंही एक सेरीन आहे, तेही पेनिसिलीनला चिकटतं. फरक पुढे पडतो. भिंतीचं एन्झाइम अडकून बसतं आणि टेम-१ मिलीसेकंदाच्या आत मोकळं होऊन पुढचा रेणू धरतं. सेकंदाला हजाराच्या वर रेणू! ही सुटका नेमकी कशी होते, ते आज रचनेत शोधू.

पीडीबी या प्रथिन-रचनांच्या खुल्या संग्रहातून १बीटीएल (1BTL) ही फाइल उघडा. रिझोल्यूशन, म्हणजे बारकावा, १.८ ॲंगस्ट्रॉमचा (आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट), नवख्यांसाठी उत्तम. २६३ अमिनो आम्लं, साधारण २९ किलोडाल्टन. एक भाग निव्वळ हेलिक्सांचा, दुसऱ्यात पाच पट्ट्यांची बीटा-शीट आणि तिच्या दोन्ही बाजूंना हेलिक्स. सक्रिय स्थळ, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते ती जागा, या दोन भागांमधल्या खाचेत आहे.

थांबा, इथे दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली आकड्यांची. या फाइलीत अमिनो आम्लांना ॲम्बलर पद्धतीनं क्रमांक दिले आहेत. ही पद्धत सगळ्या 'ए' वर्गाच्या (टेम-१ही त्यातलंच) बीटा-लॅक्टमेजसाठी सामाईक असल्यामुळे टेममध्ये २३९ आणि २५३ हे क्रमांक मुळातच नाहीत. सेरीन-७० (पेनिसिलीनला चिकटणारं सेरीन ते हेच, ७० हा त्याचा क्रमांक) म्हणतो ते जनुकावरून सरळ मोजलं तर ६८वं येतं. म्युटेशनसाठी प्रायमर बनवताना हे तपासलं नाही, तर भलतंच अमिनो आम्ल बदलून बसाल. दुसरी गडबड: सक्रिय स्थळात एक सल्फेट आयन दिसेल. त्याचा पेनिसिलीनशी काही संबंध नाही, तो स्फटिक वाढवण्याच्या द्रावणातून आलेला आहे.

[स्क्रीनवर: सक्रिय स्थळ जवळून, ७०, ७३, १३०, १६६, १७०, २३७ ठळक]

आता पहिली पायरी. पेनिसिलीनचा कार्बॉक्सिलेट गट सेरीन-१३०, लायसीन-२३४ आणि सेरीन-२३५ यांच्या बाजूला जाऊन बसतो. पेनिसिलीनमधल्या बीटा-लॅक्टम या चार अणूंच्या वलयाचा कार्बोनिल ऑक्सिजन दोन एनएच गटांच्या मधोमध पकडला जातो. एक एनएच खुद्द ७०चा, दुसरा २३७चा, आणि दोन्ही मुख्य साखळीतले. म्हणून २३७ला नुसती बाजूची साखळी बदलून ही पकड जात नाही. सेरीन-७०चा प्रोटॉन निघतो, त्याचा ऑक्सिजन कार्बोनिल कार्बनवर हल्ला करतो, वलयातला कार्बन-नायट्रोजन बंध तुटतो आणि सुट्या झालेल्या नायट्रोजनला सेरीन-१३०कडून प्रोटॉन मिळतो. वलय उघडलं. पण औषध अजून एन्झाइमला एस्टर बंधानं जोडलेलंच आहे.

सेरीनचा प्रोटॉन कोण काढतं यावर वर्षानुवर्षं वाद झाला: लायसीन-७३ की एका पाण्याच्या रेणूमार्फत ग्लुटामेट-१६६? साध्या क्ष-किरण रचनेत हायड्रोजन दिसतच नाहीत, त्यामुळे वाद मिटेना. २००२ मध्ये ०.८५ ॲंगस्ट्रॉमची रचना आली. संक्रमण अवस्थेसारख्या दिसणाऱ्या बोरॉनिक आम्लाच्या संयुगाबरोबरची. तिच्यात १६६ प्रोटॉन घेतलेल्या स्थितीत दिसला, म्हणजे पारडं ग्लुटामेटकडे झुकलं. तरीही १६६ काढून टाकलेलं एन्झाइम पेनिसिलीनला चिकटतंच, फक्त हळू. तेव्हा लायसीनला पूर्ण बाद करणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या पायरीबद्दल मात्र असा वाद नाही. ग्लुटामेट-१६६ आणि ॲस्पॅराजीन-१७० यांनी मिळून पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी धरून ठेवलेला असतो. १६६ त्याचा प्रोटॉन ओढतो, उरलेला हायड्रॉक्साइड एस्टरवर हल्ला करतो, सेरीन सुटतं आणि पेनिसिलॉइक आम्ल बाहेर पडतं. भिंतीच्या एन्झाइममध्ये असं मोक्यावर बसवलेलं पाणी नाही. सगळा खेळ या एका पाण्याचा.

पुरावा सुंदर आहे. जोडलेली अवस्था इतकी क्षणिक, की मूळ एन्झाइमच्या स्फटिकात पेनिसिलीनबरोबर ती सापडणं कठीण. म्हणून १६६च्या ग्लुटामेटच्या जागी ॲस्पॅराजीन घातलं. चिकटणं चालू, सुटणं बंद. १९९२ मध्ये अशा एन्झाइमची १.७ ॲंगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध झाली आणि तिच्यात पेनिसिलीन-जी सेरीन-७०ला जोडलेलं चक्क दिसलं.

इमिपेनेम हे दुसरं बीटा-लॅक्टम प्रतिजैविक याच सुटकेच्या पायरीवर टेम-१ला अडवतं. वलयावरचा त्याचा हायड्रॉक्सिइथाइल गट पाण्याच्या वाटेत येतो, शिवाय जोडल्यानंतर त्याचा कार्बोनिल त्या दोन एनएचच्या पकडीतून बाहेर वळलेला दिसतो.

[स्क्रीनवर: पिवळ्याचं लाल होणारं क्युव्हेट]

एन्झाइमचा वेग प्रत्यक्ष मोजायचा असेल तर नायट्रोसेफिन घ्या, हे बीटा-लॅक्टम वलय असलेलं, रंग बदलणारं संयुग आहे. वलय उघडलं की पिवळ्याचं लाल होतं. डीएमएसओ या द्रावकात केलेला स्टॉक अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा. ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७, त्यात १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिन आणि वाचन ४८६ नॅनोमीटरवर. एन्झाइम १ नॅनोमोलरपेक्षा कमीच घाला. १०० नॅनोमोलर घातलंत तर क्युव्हेट यंत्रात ठेवेपर्यंत सगळं संपलेलं असेल, आणि आलेली सपाट रेघ बघून 'एन्झाइम मेलं' असा उलटाच निष्कर्ष निघेल. इतक्या विरळ द्रावणात एन्झाइम प्लास्टिकला चिकटतं, म्हणून मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए हे प्रथिन घाला. डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल बफरमध्ये नको, हे थायॉल स्वतःच नायट्रोसेफिनशी अभिक्रिया करतात.

टेम-१ला निकामी करणारं क्लॅव्हुलॅनेट तपासताना ते आणि नायट्रोसेफिन एकदम टाकू नका. आधी एन्झाइमबरोबर ५ ते १० मिनिटं ठेवा, कारण निष्क्रिय व्हायला वेळ लागतो. टेम-१ निकामी होण्याआधी क्लॅव्हुलॅनेटचे शंभराहून अधिक रेणू तोडून टाकतं, तेव्हा ते एन्झाइमच्या कितीतरी शेकडो पट हवं. आणि एवढं करूनही रंग बदलत राहिला, पण धातूचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए घातल्यावर थांबला, तर ते काम टेमचं नाही. तिथे जस्तावर चालणारं मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज असण्याची शक्यता जास्त. त्यात सेरीनला चिकटण्याची पायरीच नसते, जस्तानं धरलेलं पाणी थेट वलयावर जातं.